पुंजी १५००, घराची किंमत ४०००: भाड्याने देण्यासाठी कर्ज काढून घर घ्यावं का?

उंबरठा (मूळ प्रश्न)

गाव, देश, चलन बाजूला ठेवतो, म्हणजे चर्चा हिशेबावरच राहील. महिन्याला हातात पडणारा पगार १०० धरलाय, बाकीचे सगळे आकडे त्याच मापात.

घरखर्च ५५ (राहत्या जागेचं भाडं त्यातच आलं), शिल्लक ४५. साठवलेले १५००, सगळे मुदत ठेवीत, व्याज सरासरी ७ टक्के. डोक्यावर दुसरं कर्ज नाही.

भाड्याने देण्यासाठी एक तयार घर बघितलंय. किंमत ४०००. भाडं महिना २२ मिळेल, त्याच इमारतीत तसे करार झालेत. बँक ७० टक्के म्हणजे २८०० द्यायला तयार आहे: बदलता दर, सध्या ९ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता २५.१९. उरलेले १२०० माझे.

माझा हिशेब सरळ आहे. हप्ता २५, भाडं २२, पदरचे जेमतेम ३. दरमहा ४५ शिल्लक पडत असताना ३ म्हणजे काहीच नाही. ठेवीतला पैसा महागाई खाते, घराची किंमत मात्र वाढते. यात चुकतंय काय?

दुसरं: घर घेतल्यावर हाताशी किती रोकड ठेवावी याचा नेमका आकडा कसा काढतात? ‘सहा महिन्यांचा खर्च’ असं सगळेच सांगतात, पण कर्जावरचं घर असताना तेच माप चालतं का?

ताळेबंद

महिन्याचा हिशेब सोडा, वर्षाचा मांडा. भाड्याच्या घराचे मोठे खर्च महिन्याच्या हिशेबात दिसतच नाहीत.

वर्षाचं भाडं २६४. त्यातून एक महिना घर रिकामं धरा, गेले २२, राहिले २४२. भाडेकरू गेला की साफसफाई, रंग, बारीकसारीक दुरुस्ती, मग चार लोकांनी येऊन बघणं, यात महिना कसा जातो कळत नाही. एकच भाडेकरू तीन वर्षं टिकला तरी नंतर सलग तीन महिने कुलूप लागू शकतं, सरासरी तिथेच येते.

२४२ मधून व्यवस्थापनाचे ८ टक्के, साधारण १९. ‘मी स्वतःच बघणार’ म्हणाल तरी हे धरायचे. नवा करार, दलाली, नळ फुटला म्हणून माणूस पाठवणं, हे कुणीतरी करणारच, आणि तुमचा वेळ फुकट धरला की वाईट घरही चांगलं दिसायला लागतं. इमारतीची देखभाल वर्गणी, मालमत्ता कर आणि विमा मिळून २८ (हा आकडा अंदाजाने घेतलाय, विकणाऱ्याकडून गेल्या दोन वर्षांच्या पावत्या मागा आणि खरा टाका). दुरुस्तीसाठी २४. दुरुस्ती दरवर्षी इतकी येत नाही. चार वर्षं काही निघत नाही आणि पाचव्या वर्षी गळती, वायरिंग आणि स्वयंपाकघर एकदम निघतं.

उरले १७१. घराचं खरं वार्षिक उत्पन्न हे, किमतीच्या ४.३ टक्के.

हप्त्याचे वर्षाला ३०२. तूट १३१, म्हणजे महिन्याला जवळपास ११. तुम्ही ३ धरले होते.

आता यातलं मर्म. बँकेच्या पैशावर तुम्ही ९ टक्के व्याज भरणार आणि तोच पैसा घरात घालून ४.३ टक्के मिळवणार. कर्ज जितकं जास्त तितकी तूट जास्त. कर्जाने फायदा वाढतो हे खरं, पण ते मालमत्तेचं निव्वळ उत्पन्न कर्जाच्या दरापेक्षा वर असेल तेव्हा. खाली असेल तर कर्ज तोटा वाढवतं, आणि मग सगळी भिस्त किंमत वाढण्यावर येते.

किंमत किती वाढायला हवी तेही काढता येतं. पहिल्या वर्षाच्या ३०२ पैकी साधारण २५० व्याज आणि ५२ मुद्दल. उत्पन्न १७१ वजा व्याज २५० म्हणजे उणे ७९. तुमचे घरात अडकणारे पैसे १२०० नाहीत, मुद्रांक, नोंदणी, वकील, दलाली, बँकेचं प्रक्रिया शुल्क आणि सुरुवातीची डागडुजी धरून १४८० होतील (हे खर्च देशागणिक बदलतात, मी किमतीच्या ७ टक्के धरलेत). ठेवीत राहिले असते तर या १४८० वर १०४ मिळाले असते. म्हणजे नुसत्या ठेवीची बरोबरी करायला किंमत पहिल्याच वर्षी १८३ ने, म्हणजे ४.६ टक्क्यांनी वाढली पाहिजे. विकतानाचा खर्च आणि कर यात अजून धरलेला नाही.

पैपैसा

वरच्या उत्तरातला १४८० हा आकडा पुन्हा वाचा. तुमच्याकडे १५०० आहेत. व्यवहार झाल्यावर हातात २० राहतात.

नोकरी गेली असं धरा. घरखर्च ५५, हप्ता २५.२, त्यातून घराचं निव्वळ उत्पन्न महिना १४ वजा करा. दरमहा ६६ जातात. २० किती दिवस पुरतील? नऊ. त्याच वेळी घर रिकामं असेल तर आठवडा.

घरात पैसा घालून बुडणारे बहुतेक लोक किंमत पडली म्हणून बुडत नाहीत. किंमत पडलेली असताना विकावं लागतं म्हणून बुडतात. ज्याच्याकडे दोन वर्षं हप्ते भरण्याइतकी रोकड आहे त्याला पडलेला बाजार नुसता कागदावर दिसतो. रोकड नसलेल्याला तोच बाजार गाठतो. आकड्यांत बघा: वर्षभराने विकावं लागलं, भाव १० टक्के खाली, म्हणजे ३६००. विक्रीचा खर्च ३ टक्के, १०८. बँकेचं शिल्लक कर्ज २७४८. हातात ७४४. घातले होते १४८० आणि वर्षभराची तूट १३१, एकूण १६११. भाव दहा टक्के पडला आणि तुमचा अर्ध्याहून जास्त पैसा गेला.

म्हणून राखीव रकमेचे तीन वेगळे भाग करा, एकत्र मोजू नका.

पहिला भाग घराचा, म्हणजे तुमच्या संसाराचा: सहा महिन्यांचा खर्च, ५५ गुणिले ६, ३३०. पगार नियमित असेल तर. धंदा, कमिशन, कंत्राटी काम असेल तर बारा महिन्यांचा.

दुसरा कर्जाचा: सहा हप्ते. हा संसाराच्या रकमेत मिसळला की आधी हाच खर्च होतो.

तिसरा भिंतींचा: किमतीच्या १ टक्का, पहिल्या वर्षीच्या अचानक दुरुस्तीसाठी. जुनी इमारत असेल तर २ टक्के.

आता उलटा हिशेब करा. १५०० मधून ३३० बाजूला, राहिले ११७०. घराची किंमत क्ष धरली तर स्वतःचा वाटा ३० टक्के, खरेदीखर्च ७ टक्के, सहा हप्त्यांची राखीव ३.७८ टक्के (७० टक्के कर्जावर याच दराने), दुरुस्ती १ टक्का. बेरीज ४१.७८ टक्के. ११७० भागिले ०.४१७८, म्हणजे २८००. तुमच्या आजच्या पुंजीला झेपणारी किंमत ही आहे, ४००० नव्हे. २८०० ला घर मिळत नसेल तर ते घर आज तुमच्यासाठी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे पैसे ठेवायचे कुठे? एका महिन्याचा खर्च बचत खात्यात. बाकी संसाराची रक्कम दर महिन्याला एक सुटेल अशा छोट्या ठेवींत: ५५ च्या पाच ठेवी, मुदत एक ते पाच महिने, सुटली की पुन्हा पाच महिन्यांसाठी. नड आली तर मोठी ठेव मोडून दंड भरायची वेळ येत नाही. हप्त्यांची आणि दुरुस्तीची रक्कम अशा ठिकाणी जिथून दोन-तीन दिवसांत निघते आणि मुद्दल हलत नाही.

शेअर, शेअरचे फंड या राखीव रकमेत धरू नका, नोकऱ्या जातात त्याच काळात तेही पडलेले असतात. बँकेने मंजूर केलेली पण न उचललेली कर्जमर्यादाही धरू नका. २००८ मध्ये अमेरिकेत घरांचे भाव पडायला लागले तसं अनेक बँकांनी घर तारणावरच्या अशा मर्यादा कमी केल्या किंवा गोठवल्या. ज्यांनी एकदाही हप्ता चुकवला नव्हता त्यांच्याही.

वीटभट्टी

दोघांचंही गणित बरोबर आहे, पण एक बाजू सुटलीये. भाडं वाढतं, हप्ता वाढत नाही. निदान स्थिर दराचं कर्ज असेल तर. आज १७१ असलेलं निव्वळ उत्पन्न दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढलं तर तेराव्या वर्षी ते हप्त्याच्या वर जातं. आणि दरवर्षी फिटणारं मुद्दलही आपलंच असतं. ज्याच्या हातात पैसा टिकत नाही त्याला सक्तीची बचत म्हणून हे वाईट नाही.

ताळेबंद

@वीटभट्टी, तेरावं वर्ष बरोबर. पण त्याआधीची बारा वर्षं मोजा. दर वर्षाची तूट बेरीज केली तर ९०६ होते. म्हणजे या घरात घालायचे पैसे १४८० नसून टप्प्याटप्प्याने २३८६ आहेत. हे माहीत असून, शिलकेतून भरायची तयारी ठेवून कुणी घेत असेल तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती ‘पदरचे ३’ या समजुतीला. आणि मुद्दल फिटतं ते भिंतीत जातं, नडीला बाहेर काढायचं तर विकावं लागतं किंवा पुन्हा बँकेच्या दारात जावं लागतं. सक्तीची बचत ठेवीतही करता येते, तिथे बाहेर पडायचा रस्ता उघडा असतो.

शिवाय प्रश्नकर्त्याचं कर्ज बदलत्या दराचं आहे. दर बदलला की अनेक बँका हप्ता तोच ठेवतात आणि मुदत वाढवतात, म्हणून ग्राहकाच्या पटकन लक्षात येत नाही. २८०० वर २५.१९ हप्ता, दर ९ चा १० झाला: मुदत २० वर्षांवरून २६ वर्षं २ महिने. ११ झाला तर महिन्याचं व्याजच २५.६७. हप्ता व्याजालाही पुरत नाही, कर्ज दर महिन्याला वाढतं. २० वर्षांत संपवायचं तर हप्ता २८.९ करावा लागेल.

दर दोन टक्के कुठे वाढतो असं वाटत असेल तर आठवा: मार्च २०२२ ला अमेरिकी मध्यवर्ती बँकेचा धोरणदर ० ते ०.२५ टक्के होता, जुलै २०२३ ला ५.२५ ते ५.५०. सोळा महिने. कागदपत्रांत तीन गोष्टी बघून घ्या: दर कशाला बांधलेला आहे, किती महिन्यांनी बदलतो, आणि बदलल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत हे कोण ठरवणार. तिसरं तुमच्या हातात असेल तर हप्ता वाढवा. मुदत वाढवणं सोपं वाटतं, पण फार महाग पडतं.

बँक धंद्यासाठी कर्ज देताना जे बघते ते तुम्हीही बघा. निव्वळ उत्पन्न भागिले वर्षाचे हप्ते. १७१ भागिले ३०२, ०.५७. घराने स्वतःचे हप्ते स्वतः भरावेत आणि वर थोडी उसंत राहावी यासाठी हा आकडा १.२५ हवा. त्या हिशेबाने या घरावर कर्ज किती झेपतं? १७१ भागिले १.२५ म्हणजे १३७, तेवढ्या वार्षिक हप्त्यांत बसणारं कर्ज १२७०. किमतीच्या ३२ टक्के. उलट ७० टक्केच कर्ज काढायचं असेल तर घराचं निव्वळ उत्पन्न किमतीच्या साडेनऊ टक्के हवं. राहत्या घरांत असं उत्पन्न बहुतेक ठिकाणी दिसत नाही. कुणी दाखवत असेल तर आधी रिकामे महिने आणि दुरुस्ती त्यात धरलीये का ते विचारा.

उंबरठा

डोळे उघडले, धन्यवाद. तीन शंका:

१) थांबलो आणि भाव वाढले तर? दरवर्षी ५ टक्के वाढले तर मी मागेच पडत जाईन ना?

२) घर घेण्याऐवजी मालमत्तेचे फंड किंवा रीट (भाड्याच्या इमारती बाळगणाऱ्या कंपन्यांचे शेअरसारखे हिस्से) घेतले तर पैसे हवे तेव्हा मोकळेही होतील आणि भाड्याचा वाटाही मिळेल, हे खरं का?

३) वेळोवेळी जास्तीचे पैसे भरून कर्ज लवकर फेडलं तर तूट कमी होईल का?

ताळेबंद

पहिल्याचं उत्तर आकड्यांत. दरमहा ४५ टाकत राहिलात, व्याज ७ टक्के, तर दोन वर्षांनी १५०० चे २८८० होतात. घर ५ टक्क्यांनी वाढत ४४१० वर गेलं, भाडंही त्याच वेगाने वाढलं असं धरू. खरेदीखर्च आणि वरच्या तिन्ही राखीव रकमा बाजूला काढून कर्ज लागेल सुमारे २३४०. वर्षाची तूट १३१ वरून ६४ वर येते, आणि हाताशी २० ऐवजी पूर्ण राखीव रक्कम असते. घर ४१० ने महागलं तरी तुमची बाजू आजच्यापेक्षा भक्कम. थांबल्याने मागे पडायला भाव तुमच्या बचतीपेक्षा वेगाने पळायला हवेत, आणि तुमची बचत पुंजीच्या मानाने खूप मोठी आहे. ज्याची महिन्याची शिल्लक ५ आहे त्याला हा युक्तिवाद लागू नाही.

पैपैसा

२) अर्धं खरं. शेअर बाजारात नोंदलेलं रीट बाजार चालू असेल त्या दिवशी विकता येतं, पण भाव त्या दिवशी जो असेल तो. व्याजदर चढले की रीटचे भाव सहसा घसरतात. म्हणून संसाराच्या राखीव रकमेची जागा ते घेऊ शकत नाहीत, फार तर घराची. अमेरिकेत १९६० च्या कायद्याने ही रचना सुरू झाली, तिथे करपात्र उत्पन्नाच्या किमान ९० टक्के वाटून टाकावे लागतात, पुढे इतर देशांनीही असेच नियम केले. त्यामुळे नियमित वाटप येतं, पण वाढीसाठी रीटला पुन्हा पुन्हा कर्ज किंवा नवे भागधारक लागतात. घेताना वाटपाचा टक्का शेवटी बघा. आधी बघा कर्ज मालमत्तेच्या किती टक्के आहे, पुढच्या दोन वर्षांत किती कर्ज फेडायचंय, आणि भाडेकरारांची सरासरी उरलेली मुदत किती.

बाजारात न नोंदलेले, ‘कधीही पैसे काढा’ म्हणणारे मालमत्ता फंड ही वेगळी जात. इमारत विकायला महिने लागतात आणि गुंतवणूकदाराला पैसे उद्या हवे असतात, हा मेळ शांत काळातच बसतो. ब्रिटनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याबाबतच्या जून २०१६ च्या सार्वमतानंतर लोक एकदम पैसे काढायला आले तेव्हा जुलैमध्ये अनेक मोठ्या फंडांनी पैसे देणं थांबवलं, मार्च २०२० मध्ये पुन्हा तेच. पैसे बुडाले नाहीत, अडकले. राखीव रकमेच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

३) याबाबत बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. जास्तीची रक्कम भरली की बहुतेक कर्जांत मुदत कमी होते, पुढच्या महिन्याचा हप्ता जसाच्या तसा राहतो. तुम्ही एकरकमी ३०० भरलेत आणि तीन महिन्यांनी पगार थांबला तर बँक ‘यांनी आधीच भरलंय’ म्हणून थांबत नाही. भरलेले ३०० परतही येत नाहीत. त्यामुळे क्रम असा: आधी राखीव रक्कम पूर्ण, मग जास्तीचा भरणा. आणि भरताना ‘मुदत तीच ठेवून हप्ता कमी करा’ असं लेखी मागता येतं का बघा. व्याज थोडं जास्त जातं, पण दर महिन्याचा ताण कमी होतो, आणि तुमचं दुखणं नेमकं तेच आहे.

काही बँका कर्जाला जोडलेलं खातं देतात. त्यात ठेवलेली रक्कम व्याज मोजताना कर्जातून वजा धरतात आणि हवी तेव्हा काढूही देतात. दर थोडा जास्त असतो. कर्जाच्या सहा हप्त्यांची राखीव रक्कम ठेवायला ही चांगली जागा, कारण ठेवीवर ७ मिळण्याऐवजी इथे ९ वाचतात. पण सगळी राखीव तिथेच नको. खातं कर्जाचं आहे, त्याचे नियम बँक ठरवते.

वीटभट्टी

भाडेकरूच्या अनामतीबद्दल कुणी बोललं नाही. ती रक्कम हातात येते आणि लोक ती खरेदीखर्चात किंवा सुरुवातीच्या दुरुस्तीत घालून मोकळे होतात. ती देणं आहे. भाडेकरू घर सोडतो त्याच महिन्यात अनामत परत करायची असते, भाडं थांबतं आणि रंगकामही त्याच महिन्यात. तीन खर्च एकत्र. अनामत वेगळ्या ठेवीत ठेवा आणि तुमच्या पुंजीत मोजू नका.

आणखी एक. ज्या कारखान्यावर किंवा कंपनीवर तुमचा पगार अवलंबून आहे, तिथल्याच नोकरदारांना घर भाड्याने देणार असाल तर सहाऐवजी बारा हप्ते राखून ठेवा. मंदी आली की पगार आणि भाडेकरू एकाच वेळी जातात, आणि त्या भागातले भावही.

बांधकाम चालू असलेलं घर सुचवणारे भेटतील. त्यात भाडं शून्य, व्याज मात्र उचललेल्या रकमेवर पहिल्या दिवसापासून. वर ताबा लांबला तर हेही तितकंच लांबतं. तुमच्या परिस्थितीत नकोच.

उंबरठा

सुधारलेला हिशेब टाकतोय, चूक काढा.

कमाल किंमत २८००. स्वतःचे ८४०, खरेदीखर्च १९६, संसाराची राखीव ३३०, सहा हप्ते १०६ (कर्ज १९६०, हप्ता १७.६३), दुरुस्ती २८. बेरीज १५००. भाडं त्याच प्रमाणात धरलं तर तूट महिना ७.७, ती ४५ मधून जाईल. उरलेले ३७ पहिली दोन वर्षं ठेवीत, नंतर अर्धे जास्तीच्या भरण्याला, हप्ता कमी करून घेण्याच्या अटीवर. २८०० मध्ये मनासारखं घर नाही मिळालं तर दोन वर्षं थांबणार.

वीटभट्टी

दोन ठिकाणी दुरुस्ती.

सहा हप्त्यांची राखीव काढलीत, पण घर रिकामं असताना वर्गणी, कर आणि विमाही चालूच असतात. किमतीच्या ०.७ टक्के वर्षाला, सहा महिन्यांचे ०.३५ टक्के. ४१.७८ मध्ये ते मिळवा, ४२.१३ होतात. किंमत २८०० ऐवजी २७७५. फरक लहान आहे, पण भाव ठरवताना कुठे थांबायचं तो आकडा हाच.

दुसरं तारखांचं. भाडं करारात ५ तारखेला लिहिलेलं असलं तरी खात्यात ८-१० ला येतं, आणि हप्ता बँक बहुधा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कापते. एक दिवस खात्यात पैसे कमी पडले तरी दंड लागतो आणि पतनोंदीवर डाग राहतो, मग पुढे कमी दराच्या बँकेकडे कर्ज हलवायचं म्हटलं की तोच आडवा येतो. कर्जाच्या करारावर सही करण्याआधीच हप्त्याची तारीख १५ मागून घ्या, आणि त्या खात्यात एक जादा हप्ता कायम पडून असू द्या.